शहरात राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांसाठी: दाखला, व्हॅलिडिटी आणि योजना कोणत्या क्रमाने मिळवायच्या

शिक्षणासाठी किंवा पोटापाण्यासाठी पुणे, नाशिक, ठाणे, मुंबई, नागपूरला आलेली आपली माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मी तर आता शहरात राहतो, मग मला लाभ मिळेल का?" याचं उत्तर योजनेगणिक बदलतं. वसतिगृहासाठी तुम्ही त्या शहराचे रहिवासी असून चालत नाही. मुलाच्या आरटीई (शिक्षण हक्क कायद्यातल्या) प्रवेशासाठी मात्र तुम्ही शहरातच राहता याचा पुरावा द्यावा लागतो. आणि दोन्हीकडे तुम्ही अनुसूचित जमातीचे आहात हे ज्या कागदांवरून ठरतं, ते कागद गावाकडच्या शाळेत, तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पडलेले असतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी गावचे कागद, मग दाखला, मग व्हॅलिडिटी (म्हणजे त्या दाखल्याची समितीकडून झालेली पडताळणी) आणि त्यानंतर योजना. अनेक मुलं उलट्या टोकाने सुरुवात करतात. कॉलेजात प्रवेश घेतात, महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) अर्ज भरायला बसतात आणि तिथे दाखल्याचा क्रमांक मागितला की गावाकडे फोन लावतात. तोवर मुदत संपत आलेली असते. मी स्वतः अकोले तालुक्यातला महादेव कोळी. घरातल्या आणि गावातल्या बऱ्याच पोरांच्या फायली हाताखालून गेल्या, त्या अनुभवावर हे लिहितो आहे.

१. आधी तुमची जमात यादीत कशी लिहिली आहे ते बघा

महाराष्ट्राच्या यादीत ४५ अनुसूचित जमाती आहेत. यादीतलं नाव आणि तुमच्या कागदावरचं नाव अक्षरशः जुळायला हवं. नुसतं "कोळी" लिहिलेलं असेल तर ते महादेव कोळी, मल्हार कोळी किंवा ढोर कोळी यांपैकी काहीच सिद्ध करत नाही. "हिंदू" एवढंच लिहून जातीचा रकाना मोकळा सोडलेले शाळेचे दाखले तर ढिगाने सापडतात. मूल अजून शाळेत असेल तर ही दुरुस्ती आत्ताच, मुख्याध्यापकांमार्फत करून घ्या. शाळा सुटल्यावर त्याच दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते आणि प्रकरण लांबतं.

दुसरी गोष्ट राज्याची. अनुसूचित जमातीचा दर्जा राज्यापुरता असतो. तुमचे आजोबा गुजरातच्या डांगमधून किंवा मध्य प्रदेशातून मुंबईला आले असतील, तर जमातीचं नाव इथल्या यादीत असलं तरी महाराष्ट्र शासनाच्या सवलती तुम्हाला लागू होत नाहीत. केंद्र शासनाच्या नोकऱ्या आणि योजनांसाठी मूळ राज्याच्या आधारावरचा दाखला चालतो. कामासाठी सुरत-वापीला गेलेल्या आपल्या वारली, कोकणा कुटुंबांनाही हाच नियम लागू आहे: तिथल्या राज्याचे लाभ नाहीत, महाराष्ट्रातला हक्क मात्र शाबूत.

हे ठरतं ६ सप्टेंबर १९५० या तारखेवर. त्या दिवशी तुमचं घराणं जिथे कायम राहत होतं, ते तुमचं मूळ गाव. त्यानंतर वडील शहरात आले, तुमचा जन्म इथल्या दवाखान्यात झाला, तरी दाखल्यासाठी मूळ गावच धरलं जातं.

२. गावाकडे जा आणि जुने कागद गोळा करा

या पायरीला वेळ द्या. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. सणाला गावी जाणार असाल तर एक-दोन दिवस आधी निघा. सुट्टीच्या दिवशी कचेऱ्या बंद असतात.

गोळा करायचे कागद असे:

- तुमचा शाळा सोडल्याचा दाखला आणि पहिलीच्या प्रवेशाचा उतारा (शाळेच्या जनरल रजिस्टरमधला)
- वडील, आत्या, चुलते यांचे शाळेचे दाखले आणि उतारे
- आजोबा, पणजोबा किंवा त्यांच्या भावंडांपैकी जो कोणी शाळेत गेला असेल त्याचा उतारा
- कुणीच शाळेत गेलं नसेल तर गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला बरेच जण कोतवाल बुकाची नक्कल म्हणतात
- सातबारा, आठ-अ, जुने फेरफार. विदर्भात अधिकार अभिलेख आणि पी-१
- वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी, असल्यास
- वंशावळीचं प्रतिज्ञापत्र
- नावात फरक असेल तर राजपत्राची प्रत. विवाहित स्त्रीच्या बाबतीत विवाह नोंदणी प्रमाणपत्र

१९५० पूर्वीची नोंद मिळाली तर ती सोन्याच्या मोलाची. पण ती वाचता येईलच असं नाही. आमच्या शाळेचं जुनं रजिस्टर मोडीत आहे. आजोबांच्या ओळीत जातीच्या रकान्यात "म. को." एवढंच आणि शेजारी गुरुजींची सही. अशा नोंदीसाठी मोडी जाणणाऱ्या अधिकृत वाचकाकडून देवनागरी लिप्यंतर करून, त्यावर त्याची सही-शिक्का घेऊन मूळ नकलेला जोडावं लागतं. मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदी उर्दूत असतात, तिथेही तसंच.

नक्कल घेताना पूर्ण पानाची घ्या. फक्त आपली ओळ टंकून दिलेला उतारा कमकुवत ठरतो, कारण वरच्या-खालच्या नोंदींची शाई आणि अक्षर व्हॅलिडिटी देणारी समिती तपासते. आणि एक कळकळीची विनंती: कुणीही, अगदी मुख्याध्यापकांनीही, "एवढं एक अक्षर घालून देतो" म्हटलं तरी जुन्या नोंदीला हात लावू देऊ नका. खाडाखोड सापडली की तुमचा खरा दावासुद्धा संशयात जातो आणि त्या एका पानामुळे सगळ्या भावकीची प्रकरणं अडतात.

मुंबईतल्या आरे आणि राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरच्या कुटुंबांची अडचण वेगळी आहे. ती बाहेरून आलेलीच नाहीत, तिथलीच आहेत, पण जमीन नावावर नसल्याने सातबारा नाही. तिथे जुन्या मतदार याद्या, पाड्याजवळच्या शाळेची रजिस्टरं आणि भावकीतली एखादी व्हॅलिडिटी यांच्यावर भर द्यावा लागतो.

३. जमातीचा दाखला: प्रांताकडून, मूळ गावच्या

दाखला देण्याचा अधिकार उपविभागीय अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रांतांचा. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून होतो. पत्त्यात शहराचं घर टाकून अर्ज पुण्याच्या किंवा ठाण्याच्या प्रांताकडे गेला की तो बहुतेक वेळा परत येतो. आमच्या अकोल्याचे प्रांत संगमनेरला बसतात, म्हणून पुण्यात वाढलेल्या पोराचा अर्जही संगमनेरला जातो. तुमचा तालुका कोणत्या उपविभागात आहे ते आधी विचारून घ्या.

वडिलांचा दाखला जुन्या पद्धतीचा, हाताने लिहिलेला असला तरी तो जोडा. विवाहित बहिणींसाठी: जमात वडिलांकडून येते. दाखला माहेरच्या नावाने, माहेरच्या गावच्या कागदांवर निघतो. सासरच्या कागदांचा इथे उपयोग नाही.

सेवा केंद्रात कुणी नॉन-क्रिमिलेअरही काढून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. अनुसूचित जमातीला नॉन-क्रिमिलेअर लागत नाही.

४. व्हॅलिडिटी: अकरावीतच सुरुवात करा

दाखला हा दावा, व्हॅलिडिटी ही त्याची पडताळणी. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसीसारख्या प्रवेशांना, राखीव जागेवरच्या नोकरीला आणि निवडणुकीला व्हॅलिडिटी लागते. महाराष्ट्रात यासाठी २००० चा जात प्रमाणपत्र कायदा आहे, आणि त्याच्या कलम ८ प्रमाणे आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. म्हणूनच पायरी २ वर इतकं लिहिलं.

अर्ज ऑनलाइन भरतात आणि तो मूळ जिल्ह्याच्या अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे जातो. विद्यार्थ्याला कॉलेजचं शिफारसपत्र लागतं, त्यामुळे अकरावीत प्रवेश झाल्याबरोबर प्राचार्यांच्या सहीची मागणी करा. बारावीच्या निकालानंतर जाग आली तर हजारो मुलं त्याच रांगेत असतात. "पावती दाखवून प्रवेश होतो, नंतर सहा महिन्यांची मुदत मिळते" हे ऐकून निवांत राहू नका. अशी मुदतवाढ त्या त्या वर्षी सरकारने दिली तर मिळते, आणि व्हॅलिडिटी आली नाही की जागा जाते.

रक्ताच्या नात्यात, वडिलांच्या बाजूने, कुणाची व्हॅलिडिटी असेल तर तुमचं काम पुष्कळ सोपं होतं. वंशावळीत त्या माणसाशी तुमचं नातं पायरी-पायरीने दाखवा आणि त्याचंही प्रतिज्ञापत्र जोडा. मामाची, मावशीची किंवा सासऱ्याची व्हॅलिडिटी इथे चालत नाही.

कागदांवरून समितीचं समाधान झालं नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं. पोलीस अधिकारी गावी आणि घरी येतात, शाळेचं रजिस्टर स्वतः बघतात, आणि मग देव-देवता, कुळ, जन्म-लग्न-मर्तिकाचे विधी, बोली यांबद्दल विचारतात. शहरात वाढलेली मुलं इथे घाबरतात. आमच्या एका पुतण्याला वाघबारशीला काय करतात ते विचारलं. तो हडपसरला वाढलेला, त्याने वाघबारस पाहिलीच नव्हती. त्याने तसंच सांगितलं आणि आजीने पुढे होऊन उत्तर दिलं. तेच योग्य. जे ठाऊक नाही ते पाठ करून बोलू नका. घरातलं वडीलधारं माणूस त्या दिवशी हजर राहील एवढं बघा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे की ही आप्तभाव चाचणी एकमेव कसोटी होऊ शकत नाही. स्थलांतर, शिक्षण, शहरातलं राहणं यांमुळे चालीरीती पुसट होतात हे न्यायालयाला मान्य आहे. दक्षता पथकाचा अहवाल प्रतिकूल आला तर त्याची प्रत तुम्हाला मिळते आणि लेखी खुलासा देता येतो. त्या खुलाशात या निकालाचा उल्लेख अवश्य करा.

एजंटांबद्दल एवढंच: पैशाने मिळालेली खोटी व्हॅलिडिटी आज ना उद्या उघडी पडते. पदवी रद्द होते, नोकरी जाते, घेतलेले लाभ वसूल होतात आणि सहा महिने ते दोन वर्षं सश्रम कारावासाची तरतूद आहे. शिवाय अशा प्रत्येक खोट्या दाखल्यामागे खऱ्या आदिवासी मुलाची एक जागा गेलेली असते.

५. उत्पन्नाचा दाखला आणि बँक खातं

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. पालक ज्या गावात राहतात तिथला काढा. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून जूनमध्ये नवा हाताशी हवा.

खात्याचा घोळ मात्र भल्याभल्यांना रडवतो. योजनेचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातीलच असं नाही. आधारशी शेवटचं जोडलेलं खातं जे असेल त्यावर जातात. गावी कुणीतरी शून्य रकमेचं खातं उघडून दिलेलं असतं, त्याला आधार जोडलेलं असतं, पासबुक हरवलेलं असतं, आणि पोरगं शहरातल्या बँकेत रोज चौकशी करत असतं. आधार कोणत्या बँकेशी जोडलंय हे आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. अर्ज भरण्याआधी ते बघून घ्या.

६. विद्यार्थ्यांसाठी: वसतिगृह, स्वयं, शिष्यवृत्ती

वसतिगृहाचा अर्ज आदिवासी विकास विभागाच्या स्वयं पोर्टलवर होतो. कॉलेजचा प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात भरा. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. पुण्यातली वसतिगृहं घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाखाली येतात, हे नव्या मुलांना माहीत नसतं आणि ती शहरातच प्रकल्प अधिकारी शोधत फिरतात. मुंबईला स्वतंत्र प्रकल्प कार्यालय आहे.

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, २०१६-१७ पासून. बारावीनंतरच्या शिक्षणासाठी भोजन, निवास आणि निर्वाहाचे पैसे खात्यावर येतात. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूरला वर्षाला ६०,००० रुपये (भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००), इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० अशी रचना आहे. चालू वर्षाची रक्कम आणि मुदत अर्ज भरताना पोर्टलवर बघा.

इथला सापळा नीट समजून घ्या. ज्या शहरात कॉलेज आहे, त्या शहराचा रहिवासी असलेला विद्यार्थी या योजनेत बसत नाही. आई-वडील गावी आहेत आणि तुम्ही एकटे पुण्यात खोली घेऊन राहता, तर पात्र. पण सोय म्हणून आधारवर पुण्याचा पत्ता करून घेतलात की अर्ज अडतो. शिक्षण संपेपर्यंत आधारवरचा गावचा पत्ता बदलू नका. पालकच शहरात स्थायिक असतील तर ही योजना सोडा आणि शिष्यवृत्तीवर लक्ष द्या.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरतात. उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता; त्यापेक्षा जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची वेगळी योजना त्याच पोर्टलवर आहे. आई-वडील नोकरीला आहेत म्हणून काहीच मिळत नाही असं समजून अर्ज न करणारी मुलं मला दरवर्षी भेटतात.

अर्ज भरल्यावर तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथला लिपिक तो पुढे पाठवेपर्यंत सरकारकडे काहीच पोचलेलं नसतं. आठवड्यातून एकदा स्थिती बघा. परत पाठवलेला अर्ज दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत पुन्हा भरावा लागतो, आणि त्याचा संदेश जुन्या मोबाइल नंबरवर गेला तर कळतही नाही. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. कॉलेज अडून बसलं तर समाजकल्याण नव्हे, आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. ही दोन खाती वेगळी आहेत, आणि चुकीच्या खिडकीवर महिने जातात.

७. कामावर असलेल्यांसाठी आणि कुटुंबांसाठी

आरटीई: खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांवर आदिवासी मुलं वंचित गटात येतात, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पालकाचा महाराष्ट्रातला जातीचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि शहरातल्या पत्त्याचा पुरावा हवा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार अर्जाच्या तारखेआधीचा पाहिजे. मालक टाळाटाळ करतो, म्हणून डिसेंबरपासूनच मागे लागा.

रेशन: शहरात आलात म्हणून गावच्या कार्डातून नाव कापू नका. एक देश एक रेशन कार्डमुळे गावच्या कार्डावर पुण्यातल्या दुकानातून धान्य उचलता येतं आणि घरच्यांना त्यांचा वाटा गावी घेता येतो. तेच कार्ड गावच्या रहिवासाचा पुरावाही असतं.

नाक्यावर, बांधकामावर जाणाऱ्यांनी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवलंच पाहिजे. वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र. हे ठेकेदार देतो. देत नसेल तर महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडून मिळतं. इथे जमातीचा दाखला लागत नाही, म्हणून ज्यांचे कागद अजून अपुरे आहेत अशा कातकरी कुटुंबांनी इथूनच सुरुवात करावी. मुलांच्या शिक्षणापासून बाळंतपणापर्यंतची मदत या मंडळातून मिळते.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर नाशिकचं शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ. महिलांसाठी आदिवासी महिला सशक्तीकरण योजनेत दोन लाखांपर्यंतच्या व्यवसायाला ४ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. जामीनदार आधी ठरवा, मग अर्ज आणा. प्रकल्प कार्यालयात गेलात की न्यूक्लिअस बजेटमधून (स्थानिक योजनांसाठी प्रकल्प कार्यालयाकडे असलेल्या निधीतून) यंदा कोणत्या योजना आहेत तेही विचारा. शिलाई यंत्र, वाहन चालवण्याचं प्रशिक्षण अशा गोष्टी तिथून होतात आणि त्यांची जाहिरात फार दूर पोचत नाही. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन आदिम जमातींसाठी स्वतंत्र निधी असतो, त्यांनी अर्जात ते ठळक लिहावं.

८. अर्ज नाकारला तर

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. कारण लेखी मागा आणि आवक-जावक क्रमांक असलेली पोच घ्या. जमातीचा दाखला नाकारला तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. ही मुदत चुकवू नका. तपासणी समितीने दावा फेटाळला तर पुढे उच्च न्यायालय. वकिलाच्या खर्चाने लोक इथेच हातपाय गाळतात, पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि उच्च न्यायालयातही तशी समिती आहे. हेल्पलाइन १५१००. जातीवरून शिवीगाळ, मारहाण किंवा हुसकावून लावणं झालं आणि पोलीस तक्रार घेत नसतील तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यासाठीची हेल्पलाइन १४५६६ आहे. दोन्हीकडे फोन करताना दाखल्याचा क्रमांक, अर्जाची तारीख आणि पोचपावती समोर ठेवा. पहिल्या दोन मिनिटांत तेच विचारतात.